पांढरं पाणी आणि आपला बंधारा

शीर्षकातलं 'पांढरं पाणी' वाचून हा मेसमधल्या दुधावरचा लेख असेल असं तुम्हाला वाटलं, तर त्यात तुमची चूक नाही. पण विषय वेगळा आहे. डोंगरातून उतरणारी नदी खडकांवर आपटते, तिच्यात हवा मिसळते आणि ती फेसाळून पांढरी दिसते. अशा पाण्याला इंग्रजीत 'व्हाइटवॉटर' म्हणतात आणि त्यातून एकट्याने छोटी बंद होडी हाकण्याच्या खेळाला व्हाइटवॉटर कयाकिंग. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'गॉर्ज' हा शब्द मला पाचवीपासून ठाऊक होता. 'घळ' हा त्याचा मराठी शब्द आजीने सांगितला तेव्हा मी बारावीत होते. असो.

बुलढाणा जिल्ह्यात बसून कयाकिंगवर लिहिणं म्हणजे राजस्थानात बसून पोहण्याचा क्लास काढण्यासारखं, असं माझी रूममेट म्हणाली. तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ. कयाक म्हणजे साधारण दोन-अडीच मीटर लांबीची, जाड प्लॅस्टिकची, वरून बंद होडी. मधे एक भोक असतं, त्यात आपण पाय लांब करून बसायचं आणि कमरेभोवतीचा रबरी झगा त्या भोकाच्या कडेवर घट्ट बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट. होडी उलटते. उलटतेच. मग पाण्याखाली डोकं असताना वल्ह्याचा एक फटकारा आणि कमरेचा एक झटका देऊन पुन्हा सरळ व्हायचं असतं. त्याला 'रोल' म्हणतात. मी कोलाडला एका कॅम्पवर दोन दिवस शिकले. रोल मला संथ पाण्यात जमला, वाहत्या पाण्यात नाही. झगा ओढून होडीतून बाहेर येण्याचं मात्र उत्तम जमलं, कारण ते पहिल्या अर्ध्या तासातच घोटून घेतात.

शिकवणाऱ्या दादांनी पहिल्या दिवशी पाण्यात उतरूच दिलं नाही. काठावरच्या खडकावर बसवलं आणि म्हणाले, "नदी वाचा." दोन खडकांच्या मधून पाणी जोरात जातं तिथे इंग्रजी 'व्ही'सारखी गुळगुळीत जीभ दिसते, टोक खाली असेल तर ती वाट. टोक वर असेल, म्हणजे 'व्ही' उलटा असेल, तर टोकाशी पाण्याखाली खडक आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी चक्क उलट, वरच्या दिशेला वाहतं. त्या जागेला 'एडी' म्हणतात आणि ती कयाकवाल्यांची एसटी स्टँडची शेड. तिथे शिरायचं, दम खायचा, पुढचं पाणी बघायचं, मग पुन्हा निघायचं. थर्ड सेमिस्टरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात सिलिंडरमागचं सेपरेशन आणि वेक मी पाठ केलं होतं. तेच वेक माझी होडी धरून ठेवतंय हे बघून मला जो आनंद झाला तो इथे लिहून पोचणार नाही.

नद्यांच्या अवघडपणाची एक आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे, १ ते ६ अशी. १ म्हणजे हलक्या लाटा, ६ म्हणजे जिवावर उदार झालेल्या मोजक्या तज्ज्ञांचं काम. कोलाडची कुंडलिका साधारण २ ते ३ मध्ये येते. पण एक लक्षात ठेवा, प्रत नदीला दिलेली नसते, त्या दिवशीच्या पाण्याला दिलेली असते. पाणी वाढलं की तीच नदी दुसरी होते.

आता कुंडलिकेची खरी गंमत. रायगड जिल्ह्यातल्या या नदीत जानेवारीतही, एप्रिलमध्येही राफ्टिंग चालतं. कोकणातल्या बाकीच्या नद्या तेव्हा दगडगोटे दाखवत पडलेल्या असतात. मग हिच्यातच पाणी कुठून? उत्तर घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्यात आहे. मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या वीज कंपनीने सह्याद्री फोडून पश्चिमेला वळवलं आणि भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. ते वीजघर १९२७ साली सुरू झालं. मूळचे १५० मेगावॅट, आणि नंतर जोडलेला १५० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेजचा संच. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. कॅल्क्युलेटर काढा: एक क्युमेक पाणी, ५०० मीटर हेड, ९० टक्के एफिशियन्सी धरली तर जवळपास ४.४ मेगावॅट. म्हणजे ३०० मेगावॅट पूर्ण चालवायचे तर सेकंदाला साधारण ६८ घनमीटर पाणी लागेल. हे भिऱ्यातून बाहेर पडलेलं पाणी अडवून खाली ८० मेगावॅटच्या एका सरकारी वीजघरात पुन्हा वापरतात आणि मग ते कुंडलिकेच्या पात्रात येतं. साजे, सुतारवाडीच्या बाजूने ते कामतपर्यंत, असा डझनभर किलोमीटरचा पट्टा त्यावर पांढरा होतो.

त्यामुळे सकाळी राफ्टवाले नदीकडे बघतात ते देवदर्शनासारखं. पाणी सुटलं की धावपळ. काही तासांनी वीजघर थांबतं, पाणी उतरतं, आणि सकाळी ज्या लाटेवर आपण किंचाळलो तिथे दुपारी म्हशी बसलेल्या असतात. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. आपला रोमांच हा वीज तयार करून उरलेला माल आहे, हे त्या म्हशींनी मला फार शांतपणे समजावलं.

पण हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळा भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. ते पाणी घाटावरून खाली अरबी समुद्राकडे वळवलं गेलं. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यामुळे सेनापती बापट झाले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, धरण झालंच. शाळेत हा धडा आम्हाला इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत होता. ज्या पाण्यावर मी शनिवारी सकाळी 'फॉरवर्ड! फॉरवर्ड!' ओरडत होते, ते हेच पाणी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर नकाशा बघताना समजलं.

मग नदी कोणाची? हा प्रश्न सिव्हिलच्या पोरांना ॲकॅडमिक वाटेल, पण होडी घेऊन काठावर उभं राहिलं की पहिला तोच येतो. पाण्यापर्यंत जायचं कुठून? काठाची जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, तिथे कुंपण असतं, कुत्रं असतं. कागदावर उत्तर बरंच सोपं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०: नद्या, ओढे, नाले, तलाव यांचं पात्र सरकारच्या मालकीचं. म्हणजे पात्र सरकारी आणि पात्राकडे जाणारी पायवाट बहुतेक वेळा खाजगी. शेत कोरडं असेल आणि बांधावरून जायला ओळख असेल तर नदी तुमची!

सरकारची मालकी म्हणजे काय, यावर सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये एक मोठा निकाल दिला, तो एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या नावाने ओळखला जातो. कुलू-मनालीकडे बियास नदीच्या काठी एका हॉटेलने वनजमीन भाडेपट्ट्याने घेऊन नदीचा प्रवाहच वळवायचा उद्योग केला होता. कोर्टाने तो भाडेपट्टा रद्द केला आणि सांगितलं की नद्या, जंगलं, हवा ही सरकारकडे जनतेची ठेव आहे. सरकार तिचं विश्वस्त आहे, मालकासारखं ती कोणाला वाटून टाकू शकत नाही. कायद्याची पुस्तकं याला 'पब्लिक ट्रस्ट डॉक्ट्रिन' म्हणतात. मला हा विचार फार आवडतो. पण हेही खरं की या निकालाने नदी राखली जाते, तिच्यापर्यंतची पायवाट त्यातून आपोआप निघत नाही.

बाहेर काही ठिकाणी पायवाटेचाही कायदा झाला. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही नद्या-तलावांवर जाण्याचा हक्क दिला, त्यात कयाकिंग धरलेलं आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरण आहे. १९८६ साली तिथल्या संसदेने कायदा करून पांढऱ्या पाण्याचा खेळ हा त्या धरणाच्या अधिकृत उद्देशांपैकी एक ठरवला. दर वर्षी पावसाळा नसताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ठरलेल्या दिवशी होड्यांसाठी म्हणून पाणी सोडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गावाच्या टँकरसाठी पाणी सुटायची मारामार, त्यामुळे अशी मागणी इथे करायला माझी जीभ रेटणार नाही. पण पाणी कधी सुटणार याची वेळ आधी जाहीर असणं, एवढं तरी कोरड्या जिल्ह्यालाही परवडतं.

आता बुलढाण्याकडे. पांढऱ्या पाण्याला तीन गोष्टी लागतात: उतार, पाणी आणि परवानगी. आपल्याकडे तिन्ही आहेत, फक्त एकाच जागी, एकाच वेळी नाहीत.

पाणी घ्या. पूर्णा आपली मोठी नदी. मध्य प्रदेशात सातपुड्यात उगम पावून आपल्याकडे येईपर्यंत ती काळ्या मातीच्या सपाट खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात उतरलेली असते. गढूळ, रुंद, आळशी. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, पण इथे ती लहान पोर आहे. तिचं रौद्र रूप बघायचं तर पार नांदेड-यवतमाळच्या सीमेवर सहस्रकुंडला जावं लागतं. नळगंगा, ज्ञानगंगा, खडकपूर्णा यांच्यावर धरणं आहेत.

उतार घ्या. उतार आहे उत्तरेला, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, जिथे सातपुडा एकदम मैदानात उतरतो. वान नदी मेळघाटातून अशाच घळीतून खाली येते. नकाशावर काँटूर लाइन्स एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की कयाकवाल्याच्या तोंडाला पाणी सुटावं, अशी जागा. पण तिथलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, होडी घेऊनही नाही. आणि मला विचाराल तर ते योग्यच आहे. जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ च्या डिसेंबरमध्ये एक वाघ टिपेश्वरहून हजारावर किलोमीटर चालत आला. एवढं चालून आलेल्या पाहुण्याच्या घरात आपण लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या होड्या घेऊन शिट्ट्या मारत जावं असं मला वाटत नाही.

शिवाय तीव्र उतार आणि छोटं पाणलोट क्षेत्र असलं की 'टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन' कमी, म्हणजे डोंगरात पडलेला पाऊस पायथ्याशी पोचायला फार वेळ घेत नाही. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत काय झालं ते आपल्यापैकी निम्म्या लोकांनी घरी अनुभवलं आहे. एका दिवसाच्या पावसाने गावांना वेढा पडला, शेतं खरवडून गेली. अशा नदीत खेळण्याजोगं पाणी असतं ते काही तास, आणि त्या तासांत तिथे कोणी खेळू नये.

तेव्हा ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनी प्रवास करावा. कोलाडला जायचं तर रात्रीची मुंबईकडची रेल्वे, मग पुढे कोकण रेल्वे किंवा एसटी. गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादईवर २०१२ पासून पावसाळ्यात राफ्टिंग सुरू झालं. ते पाणी धरणाचं नसून पावसाचं आहे. पण आपल्याला जवळचं ठिकाण वेगळंच आहे आणि ते मुंबईकडे तोंड करून बसलेल्या आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात येत नाही. बऱ्हाणपूर-खंडव्याच्या रस्त्याने उत्तरेला गेलं की महेश्वर. होय, अहिल्याबाई होळकरांचं महेश्वर, साड्यांचं महेश्वर. तिथे नर्मदा सहस्रधारेच्या खडकांतून अनेक धारांनी फुटून उतरते. त्याच नैसर्गिक पाण्यावर कनू स्लालमचे सराव आणि स्पर्धा होतात; २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धांमधला हा खेळ तिथेच झाला. कनू स्लालम म्हणजे वेगवान पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या जोडीमधून होडी काढायची, दांडीला स्पर्श झाला की दंड. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि १९९२ पासून कायमचा झाला. महेश्वरच्या वरच्या बाजूलाही ओंकारेश्वरचं ५२० मेगावॅटचं धरण आहेच. वीजघराने ठरवायचं आणि खेळाडूने वाट बघायची, इथेही सुटका नाही.

मुलींसाठी अजून एक धरण असतं, हॉस्टेलचं गेट. कोलाडसाठी मला वडिलांचं पत्र, लोकल गार्डियनचं पत्र आणि 'पोहता येते' असं एक सर्टिफिकेट लागलं. मुलांच्या हॉस्टेलमधले चार जण त्याच बॅचला होते, त्यांना फक्त रजेचा अर्ज. पोहता माझ्याइतकं त्यांतल्या एकालाही येत नव्हतं. यावर अधिक लिहिलं तर संपादक कापतील, म्हणून पुढे जाते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग.

आपल्या जिल्ह्यात एक पांढरं पाणी असं आहे की जिथे कोणाची परवानगी लागत नाही, तिकीट नाही, गेट नाही, अभयारण्य नाही. गाडीवाटेने थेट तिथपर्यंत जाता येतं. ते म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा, आपल्या बोलण्यातला 'के.टी.' पावसाळा संपताना खांबांच्या मधे दारं घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ती काढायची, अशी ही साधी आणि फार उपयोगी रचना. उंची फार नाही. पूल म्हणूनही वापर होतो. धुणं, पोहणं, बैल धुणं, गणपती, सगळं तिथेच. आणि रविवारी हॉस्टेलची पोट्टी आंघोळीला तिथेच.

कयाक शिकवणाऱ्या दादांना मी विचारलं होतं की तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. मला वाटलं होतं ते मोठ्या धबधब्याचं नाव घेतील. ते म्हणाले, "बुटका बंधारा. नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ भिंत. त्याच्या खाली गेलो तर मी पण येणार नाही वर."

कारण असं. बंधाऱ्यावरून पाणी पडतं ते तळाशी घुसतं आणि खाली वेगाने पुढे जातं. पुढच्या बाजूचं पाणी खोल असेल, तर त्या पडणाऱ्या धारेकडे वरचं पाणी मागे ओढलं जातं. म्हणजे तळाला प्रवाह पुढे आणि पृष्ठभागावर प्रवाह मागे, बंधाऱ्याकडे. आडवा ठेवलेला एक भला मोठा रोलर गोल गोल फिरतोय अशी कल्पना करा. माणूस त्यात सापडला की पृष्ठभाग त्याला भिंतीकडे नेतो, पडणारं पाणी खाली दाबतं, तळाचा प्रवाह थोडा पुढे ढकलतो, तो वर येतो, आणि पुन्हा मागे. नैसर्गिक खडकामागे असा रोलर असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी निसटायला जागा असते. बंधारा मात्र काठापासून काठापर्यंत असतो, दोन्ही टोकांना काँक्रीटची भिंत. भर म्हणजे फेसात हवा असते. पाण्यात तीस टक्के हवा धरली तर आपल्याला वर उचलणारा जोर तीस टक्क्यांनी कमी. पट्टीचा पोहणारा इथे फारसा कामाला येत नाही.

याहून वाईट म्हणजे ते दिसत नाही. धबधबा गर्जना करतो, माणूस मागे सरतो. बुटक्या बंधाऱ्याखाली नुसता एक गुबगुबीत, पांढरा, एकसारखा पट्टा असतो. फोटो काढावासा वाटतो.

हे मला पटलं नव्हतं म्हणून हायड्रॉलिक्स लॅबमध्ये करून बघितलं. आपल्या फ्ल्यूममध्ये एक लाकडी ठोकळा आडवा बसवला, पाणी सोडलं आणि टेबल-टेनिसचा चेंडू टाकला. टेलगेट पूर्ण खाली असताना ठोकळ्यावरून पाणी उडी मारून सुसाट जातं, हायड्रॉलिक जंप बरीच पुढे होते, आणि चेंडू सरळ वाहून जातो. मग टेलगेट हळूहळू वर घेतलं. खालचं पाणी चढलं, जंप मागे सरकत सरकत ठोकळ्याला येऊन चिकटली आणि बुडाली. आता चेंडू टाकला तर तो ठोकळ्यापाशी जाऊन नाचत राहिला. घड्याळ लावलं, चार मिनिटं झाली, तिथेच. लॅब असिस्टंट काका म्हणाले, "अजून वर घ्या." अजून वर घेतल्यावर ठोकळा पूर्ण बुडाला, वर नुसत्या लाटा राहिल्या आणि चेंडू निघून गेला. डिस्चार्जचा व्हॉल्व्ह या तिन्ही वेळा आम्ही हलवला नव्हता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मंगळवारी ज्या बंधाऱ्यावर तुम्ही मजेत डुंबलात, तोच बंधारा गुरुवारी, वर कुठेतरी पाऊस पडून खालचं पाणी दोन-तीन फुटांनी चढल्यावर, माणूस धरून ठेवणारं यंत्र होतो. आणि वरून बघणाऱ्याला गुरुवारी तो मंगळवारपेक्षा शांत वाटू शकतो, कारण पाण्याची पडण्याची उंची कमी झालेली असते.

दारं काढलेली असतानाही धोका आहे, वेगळा. खांबांच्या गाळ्यांतून पाणी जोरात जातं आणि तिथे बाभळीच्या फांद्या, पऱ्हाटीचे ढीग, कधी अख्खं झाड अडकतं. पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. चहाची गाळणी आठवा. किती जोर असतो? वाहत्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर आणि कमरेवर साधारण ०.३ चौरस मीटर भागावर पाणी लागतं असं धरा, ड्रॅग कोएफिशंट १ धरा. सेकंदाला दीड मीटर वेगाला जोर सुमारे ३४० न्यूटन, म्हणजे ३४ किलो कोणीतरी सतत ढकलतंय. वेग दुप्पट, ३ मीटर केला तर चौपट, जवळपास १३५० न्यूटन. म्हणजे एक तगडा पैलवान अंगावर रेलून उभा. ३ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ११ किलोमीटर, सायकलचा रमतगमतचा वेग.

माझ्या मामाच्या गावच्या बंधाऱ्यावर मी दहावीत असताना दोन सख्खे भाऊ गेले. धाकटा आत ओढला गेला, थोरला त्याला काढायला उतरला. काठावर तीस-चाळीस माणसं होती. दोर होता, बैलगाडीचा, सुताचा. भिजून जड झाला आणि बुडाला. त्या वेळी सगळे म्हणाले, तिथे आसरा आहेत, नेतात. मामी अजून त्या वाटेने जात नाही. मला आसरांबद्दल काही म्हणायचं नाही. वडीलधाऱ्यांनी मुलांना त्या जागेपासून दूर ठेवायला एक गोष्ट केली असेल तर ती गोष्ट त्या बंधाऱ्यावरच्या कुठल्याही सरकारी फलकापेक्षा जास्त कामाची होती, कारण फलक नव्हताच.

वान नदीवरच्या वारीच्या डोहाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूरला आणि धुळ्याला आहेत, दोन्हीकडून इथे यायला काही तास. बुडणाऱ्या माणसाकडे मिनिटं असतात. म्हणजे जे काही करायचं ते काठावर आधीपासून उभ्या असलेल्या माणसांनीच करायचं.

कयाकवाले यासाठी जे करतात ते अवघड नाही. प्रत्येकाच्या कमरेला किंवा होडीत एक 'थ्रो-बॅग' असते: छोट्या पिशवीत भरलेला वीसेक मीटरचा तरंगणारा दोर. एक टोक हातात धरून पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची, दोर आपोआप सुटत जातो. दोर पॉलीप्रॉपिलीनचा हवा, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९. नायलॉनची १.१४, तो बुडतो. फेकणाऱ्याने पाण्यात उतरायचं नाही, दोर स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला बांधायचा नाही, आणि ओढ बसण्याआधी पाय रोवून खाली बसायचं. क्रम असा पाठ करून घेतात: आधी हात किंवा काठी लांबवा, मग दोर फेका, मग होडी, पोहत जाणं सगळ्यात शेवटी आणि बंधाऱ्याखाली कधीच नाही. रोलर आपल्या भिंतीलाही ओढतो, म्हणून दोर बंधाऱ्यावरून न फेकता खालच्या काठावरून फेकायचा.

बंधारा बांधतानाच किंवा नंतरही हे कमी करता येतं, आणि इथे सिव्हिलच्या मंडळींनी कान टवकारावेत. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला मोठे दगड नीट रचून उतार किंवा पायऱ्या केल्या तर धार एकदम तळाला घुसत नाही, तिची ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोडते आणि तो आडवा रोलर तयार होत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात चार्ल्स सिटी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेडार नदीवरचा जुना बुटका बंधारा काढून २०११ साली दगडांच्या रचनेचा पांढऱ्या पाण्याचा पट्टा केला, आता लोक तिथे कयाक घेऊन येतात. आपल्याला बंधारा काढायचा नाही, रब्बीच्या हरभऱ्याला तेच पाणी आहे. पण खालच्या बाजूची दगडांची रचना पाणी अडवण्याच्या आड येत नाही. खर्च किती, पुरात दगड टिकतील का, गाळाने भरेल का, हे प्रश्न खरे आहेत आणि अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला दिसत नाही. दर वर्षी तेच ते 'पार्शल रिप्लेसमेंट ऑफ सिमेंट' करून कोणाचं समाधान होतं कोण जाणे.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पाण्यावरच्या उपक्रमांसाठी नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आल्या. हेल्मेट, जॅकेट, प्रशिक्षित माणूस. चांगलंच झालं. पैसे देऊन कुंडलिकेत उतरणाऱ्यासाठी आता नियम आहेत. फुकट बंधाऱ्यात उतरणाऱ्याला कोणी ग्राहक मानत नाही, म्हणून त्याच्यासाठी जॅकेटही नाही आणि दोरही नाही.

आम्ही सहा जणांनी तीन थ्रो-बॅग शिवून घेतल्या आहेत. दोर शेतीसामानाच्या दुकानातून, पिशव्या दप्तरं शिवणाऱ्या काकांकडून. एक मुलांच्या हॉस्टेलच्या ऑफिसात, एक मुलींच्या, आणि तिसरी कॉलेजमागच्या रस्त्याने जो बंधारा लागतो त्याच्या शेजारच्या शेतात राहणाऱ्या काकांच्या ओसरीवर टांगली आहे. ती त्यांनी परवा वाळत घातलेल्या मिरच्या झाकायला वापरली होती. परत जागेवर लावली आहे. फेकायचा सराव ग्राउंडवर शनिवारी साडेचारला असतो, पाण्याच्या ऐवजी एक जण स्टूलवर बसून हात वर करतो. फ्ल्यूमचा प्रयोग ज्यांना बघायचा असेल त्यांनी त्याच दिवशी तीनला लॅबमध्ये या. येताना टेबल-टेनिसचा चेंडू आपापला आणा, स्पोर्ट्स रूमवाल्यांनी आम्हाला द्यायचे बंद केले आहेत.